‘प्लॉट’ची चतुःसीमा



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘इंग्रजी शब्द आणि आपली मराठी’ असा विषय दिला होता. एवढं मोठं रान एका संध्याकाळी नांगरून होणार नाही, म्हणून त्यातला एक तुकडा मी पाडून घेतला आहे. शब्द एकच घ्यायचा आणि तो आपल्या तोंडी किती अर्थांनी फिरतो ते पाहायचं. तो शब्द आहे ‘प्लॉट’. पैठण तालुक्यातल्या बिडकीनमध्ये उभं राहून एखाद्या इंग्रजी शब्दावर बोलायचं तर याच्याएवढा हक्काचा शब्द दुसरा नाही.

दोन शब्दांचं एक वाक्य घेऊ : ‘प्लॉट गेला.’ एजंट म्हणाला, तर प्लॉट विकला गेला, आता पेढे. अद्रक लावलेला शेतकरी म्हणाला, तर कंदसड लागली आणि उभं पीक हातचं गेलं. नोकरीतून निवृत्त झालेले एखादे काका म्हणाले, तर घरासाठी राखून ठेवलेली जागा रस्ता रुंदीकरणात गेली. टपरीवर हे तिघं शेजारी बसले की एक म्हणतो, ‘प्लॉट गेला.’ दुसरा विचारतो, ‘काय भावानं गेला?’ आणि पहिला म्हणतो, ‘भाव कसला राव, सड लागली.’ हा विनोद पुण्या-मुंबईत समजावून सांगावा लागेल. इथे तो बातमीसारखा कळतो.

आधी या शब्दाचं मूळ घर पाहू. इंग्रजीत ‘प्लॉट’चा सगळ्यात जुना अर्थ जमिनीचा लहान तुकडा असाच आहे. पुढे त्या तुकड्याचा कागदावर काढलेला आराखडाही ‘प्लॉट’ झाला. आपल्याकडे शाळेत आलेखावर बिंदू ‘प्लॉट’ करतात तो याच शाखेतला. आराखडा म्हटलं की बेत आला आणि बेत गुप्त असला की कारस्थान आलं. 5 नोव्हेंबर 1605 रोजी लंडनच्या पार्लमेंटखाली दारूगोळा ठेवून राजाला उडवण्याचा कट उघडकीस आला. त्याला इंग्रज आजही ‘गनपावडर प्लॉट’ म्हणतात. त्यानंतर नाटक-कादंबरीतल्या घटनांची बांधणी, म्हणजे आपण ज्याला कथानक किंवा संविधानक म्हणतो, तिलाही हाच शब्द लागला. जमीन, आराखडा, कट आणि कथा अशी ही चार घरं.

या चारांपैकी मराठीने काय घेतलं आणि काय दारातूनच परत पाठवलं, हे पाहण्यासारखं आहे. कारस्थानाचा अर्थ आपण जवळजवळ घेतलाच नाही. ‘त्यानं माझ्याविरुद्ध प्लॉट केला’ असं बिडकीनच्या पोलीस ठाण्यात कोणी फिर्यादीत सांगणार नाही. त्याची गरजही नव्हती. कट, कारस्थान, डाव, फितुरी, फंद, घात, आणि अलीकडे ‘गेम’ आणि ‘सेटिंग’. या बाबतीत आपली भाषा आधीच इतकी संपन्न आहे की बाहेरच्या मालाला जागा नाही.

मग प्रश्न असा पडतो की जमिनीसाठी तरी जागा कुठे होती? शेत, वावर, रान, मळा, पट्टी, तुकडा, माळ, खळं, गावठाण, परसू, गट, सर्व्हे नंबर. जमिनीसाठी आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. शासनाने ‘भूखंड’ हाही शब्द दिला. तो सातबाऱ्यापेक्षा वर्तमानपत्रात जास्त रुजला आणि राजकारणात गेला तेव्हा त्याचं ‘भूखंडाचं श्रीखंड’ झालं. एवढं सगळं असताना ‘प्लॉट’ शिरला कुठून?

माझं उत्तर असं आहे. जी वस्तू त्याच्या नावाने आली ती गावात नव्हती. वावर म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘काय लावलंय?’ प्लॉट म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘काय रेट चालूय?’ ज्या जमिनीतून काहीही पिकवायचं नाही, जी ठेवायची ती वाढलेल्या भावाने विकण्यासाठी किंवा कधीतरी घर बांधण्यासाठी, अशी जमीन आपल्या आजोबांच्या अनुभवात नव्हती. म्हणून आजोबांचा एकही शब्द तिला बसला नाही.

या प्लॉटची स्वतःची एक बोली तयार झाली आहे. प्लॉट ‘पाडतात’, जशी लाकडाची फळी पाडतात. तो ‘रोड टच’ असतो, ‘कॉर्नर’ असतो, ‘वीस बाय तीस’ असतो. त्याला ‘टोकन’ देतात, मग ‘इसार’ होतो. फलकावर ‘एनए 44’ असं लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला तो प्लॉटचा नंबर वाटतो. तो नंबर नसून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम आहे, शेतजमीन अकृषिक वापराखाली आणण्याच्या परवानगीचं. वीस बाय तीस म्हणजे 600 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. म्हणजे ज्याच्यावर माणूस आयुष्याची पुंजी लावतो तो प्लॉट अर्ध्या गुंठ्याहून थोडाच मोठा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 मध्ये शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी ठरली. मंजूर ले-आउट नसेल तर या मर्यादेखालचा तुकडा विकत घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हा प्रश्न टोकन देण्यापूर्वी विचारायचा असतो. आपल्या जिल्ह्याच्या शहरात बाँडपेपरवर झालेल्या व्यवहारांतून वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या नियमित करण्यासाठी राज्याला 2001 साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘गुंठेवारी’ या आपल्या शब्दाला असा कायद्यात मान मिळाला खरा. पण त्यामागे हजारो घरांची झोप उडालेली आहे.

आता शेतकऱ्याच्या प्लॉटकडे येऊ. मघाशी मी म्हणालो की प्लॉट म्हणजे जिथे काही पिकवायचं नाही ती जमीन. आणि शेतकरी तर ‘टोमॅटोचा प्लॉट’, ‘अद्रकीचा प्लॉट’, ‘मिरचीचा प्लॉट’ म्हणतो! मात्र बारकाईने ऐका. ‘बाजरीचा प्लॉट’ कोणी म्हणत नाही. बाजरी वावरात असते. तूर वावरात असते. प्लॉट म्हणायचा तो ठिबक, मल्चिंग, फवारण्यांचं वेळापत्रक आणि दुकानदाराची उधारी यांच्यासह उभ्या केलेल्या पिकाला. हा प्लॉट ‘धरतात’, ‘बसवतात’. तोडणी लागली की तो ‘चालू’ होतो. रोग आला की तो ‘फेल जातो’. घरी खायला पिकवलं ते वावर, बाजारासाठी पैसा ओतून पिकवलं तो प्लॉट. ही वाटणी कोणत्याही व्याकरणात नाही, पण पैठण तालुक्यातला कोणताही शेतकरी ती चुकत नाही. एजंटचा प्लॉट आणि शेतकऱ्याचा प्लॉट यांच्यात नातं आहे ते हेच : दोन्हीकडे जमीन भावाच्या भरवशावर आहे.

शेजारच्या जालन्याने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे ‘महिको’ सुरू केली आणि जालना बियाण्यांची राजधानी झाली. कंपनीसाठी संकरित बियाणं तयार करून देण्याचं शेत म्हणजे ‘सीड प्लॉट’. यात नर-मादीच्या ओळी वेगळ्या लावायच्या, हाताने क्रॉसिंग करायचं आणि परका पराग येऊ नये म्हणून शेजारच्या पिकापासून ठरावीक अंतर राखायचं. शेतकरी बांधाला बांध लावून राहणारा माणूस. या प्लॉटने त्याला पहिल्यांदा सांगितलं की शेजाऱ्यापासून लांब राहा, नाहीतर माल नापास होईल.

आणि एक प्लॉट असा आहे की तो असतो कोणातरी एकाच्या वावरात, पण हजारोंचं नशीब त्यावर ठरतं. पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट. महसूल मंडळातली काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येकात दोरी लावून एक ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न निघतं. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली आलं तर विमा, नाहीतर नाही. तुमच्या वावरात काय झालं हे कोणी विचारत नाही, त्या चौकोनात काय झालं ते विचारतात.

या चौकोनाच्या शास्त्रात एका मराठी माणसाचं मोठं नाव आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1940 च्या दशकात देशभर पिकांचा अंदाज नमुना पद्धतीने कसा काढायचा यावर मोठा वाद चालला होता. प्रशांतचंद्र महालनोबीस लहान लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. वेळ आणि पैसा वाचतो म्हणून. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की कापणीचा प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरतं. कारण साधं आहे. दोरीच्या रेषेवर जी ताटं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. प्लॉट मोठा असेल तर काठावरच्या दहा-वीस ताटांनी बिघडत नाही. प्लॉट लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. याच काळात विनायक पानसे यांनीही मोठ्या प्रमाणावर हे काम केलं आणि पानसे-सुखात्मे यांचं 1954 चं संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं.

मला सुखात्म्यांचा हा शोध संख्याशास्त्राबाहेरही खरा वाटतो. प्लॉट कोणत्याही अर्थाचा असो, चूक मध्यभागी होत नाही, काठावर होते. जमिनीचा दावा मध्यावर होत नाही, बांधावर होतो. आपल्या जुन्या खरेदीखतात म्हणूनच क्षेत्रफळाइतकीच चतुःसीमा महत्त्वाची असे : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस गावठाण. वावराची ओळख शेजाऱ्यांवरून होत असे. ले-आउटमधल्या प्लॉटची चतुःसीमा कशी लिहितात? पूर्वेस प्लॉट नंबर 14, पश्चिमेस प्लॉट नंबर 16, दक्षिणेस रस्ता 9 मीटर. जिकडे पाहावं तिकडे आकडे आहेत, शेजारी नाही.

आता कथेचा प्लॉट. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यात त्यांनी गोष्ट आणि प्लॉट यांतला फरक राजा-राणीच्या उदाहरणाने सांगितला. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. त्या दुसऱ्या मरणाला पहिल्याच्या दुःखाचं कारण जोडलं की प्लॉट झाला. गोष्ट ऐकणारा विचारतो, ‘मग?’ प्लॉट समजणारा विचारतो, ‘का?’

मराठवाड्यात शेतकऱ्याचा प्लॉट आणि कथेचा प्लॉट एकमेकांना भेटलेत. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. टोमॅटो बाजारात नेलेत, भाव कोसळलाय, घासाघीस चाललीय, आणि शेवटी स्वतः पिकवलेला माल बाप स्वतःच्या पायांनी तुडवतो. शेतकऱ्याच्या भाषेत तो टोमॅटोचा प्लॉट गेला. समीक्षकाच्या भाषेत तिथे कथेचा प्लॉट पूर्ण झाला. ‘का’ हा प्रश्न ती कथा वाचणाऱ्याच्या गळ्यात अडकवून ठेवते, म्हणून ती नुसती बातमी उरत नाही.

हाच प्रश्न आपण आपल्या गावाला विचारू. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली बिडकीनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला. एमआयडीसी कायद्याच्या बत्तीसाव्या कलमाच्या नोटिसा आल्या. एकरी 23 लाख रुपये मिळाले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर झालं. 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण केलं. क्षेत्र 7,855 एकर, तीन टप्पे, खर्च 6,400 कोटींच्या वर. टोयोटा किर्लोस्करसारख्या कंपनीचा एक प्लॉट आठशे एकरांहून मोठा. वीस बाय तीसचे पन्नास हजारांहून जास्त प्लॉट त्यात मावतील, आणि शब्द मात्र दोघांनाही तोच!

ही झाली गोष्ट : मग हे झालं, मग ते झालं. तिचा प्लॉट अजून कोणी लिहिलेला नाही. कोणाला हे पैसे पुरले आणि कोणाला नाही, ते का? कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी जमीन देऊन त्या पैशातून प्लॉट घेतला, ते का? वडिलांच्या नावची जमीन गेली तेव्हा लेकींना काय मिळालं, आणि जे मिळालं नाही ते का? ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच त्या सालगड्यांचं आणि शेतमजुरांचं पुढे काय झालं? हे ‘का’ विचारण्यासाठी कारखान्याच्या विरोधात असावं लागत नाही. इथल्या पोरांना नोकऱ्या हव्यातच आणि त्या मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण कारणांसह सांगितल्याशिवाय गावाचा इतिहास लिहिला जात नाही, नुसती तारखांची यादी होते.

इथे पैठणची आठवण काढतो. पैठण ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांपैकी गौतमीपुत्र सातकर्णीचा एक आदेश नाशिकच्या पांडवलेणीत, तिसऱ्या लेण्यात कोरलेला आहे. जवळपास 1,900 वर्षांपूर्वीचा. भिक्खूंना एक शेत दान दिलंय. आदेशात काय काय आहे पाहा : गाव पश्चिम कखडी, शेताचं नाव ‘अजकालकिय’, आधी ते उषवदाताकडे होतं, क्षेत्र 200 निवर्तनं. गाव, शेताचं नाव, पूर्वीचा वहिवाटदार, क्षेत्रफळ. आपला सातबारा आणखी वेगळं काय सांगतो? आणि खरी गंमत पुढच्या आदेशात आहे. सहा वर्षांनी राजा आणि राजमाता यांच्या नावाने कळवलं जातं की ते शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही, तरी त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीतून 100 निवर्तनं द्यावीत. म्हणजे कागदावर दिलेली जमीन प्रत्यक्षात निरुपयोगी निघणं, आणि मग निम्मी का होईना पर्यायी जागा मिळणं, हे प्रकल्पग्रस्तांच्या ‘पीएपी प्लॉट’च्या खूप आधीपासून महाराष्ट्रात चालत आलेलं आहे! पण त्या आदेशाने एक गोष्ट नीट केली. शेताचं नाव दगडात कोरलं. म्हणून गाव उजाड झालं, दान बदललं, सातवाहन गेले, तरी ‘अजकालकिय’ हे नाव आज मी तुम्हाला सांगू शकतो.

तुमच्या-माझ्या शेतांनाही नावं होती आणि आहेत. चिंचेचं, विहिरीचं, पांढरीतलं, माळावरचं, आडव्या बांधाचं, थोरल्या आईचं. जमीन गेलेल्या घरातली म्हातारी आजही ‘प्लॉट गेला’ म्हणत नाही. ‘चिंचेचं वावर गेलं’ म्हणते. संपादनाच्या यादीत ते गट नंबर आणि हेक्टर-आर होऊन गेलं, आता ते सेक्टर आणि प्लॉट नंबर होईल. तो कामकाजाचा भाग आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण नाव टिकवायला सरकारने आपल्याला जागा दिलेली आहे आणि आपण ती वापरत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. बऱ्याच उताऱ्यांवर तो कोराच दिसतो. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत जी नोंद होती, तिचीच जागा आपण मोकळी ठेवली आहे.

तेव्हा भाषणाच्या शेवटी या सभागृहाकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. ज्यांना प्लॉट घ्यायचाय त्यांनी फलक वाचून न थांबता एनएचा आदेश, मंजूर ले-आउट आणि फेरफार वाचावा आणि चतुःसीमा जागेवर जाऊन, चारही कोपऱ्यांवर उभं राहून तपासावी. आणि इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुला-मुलींनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक वही घालावी. घरातल्या आजी-आजोबांना विचारून गावातल्या प्रत्येक शेताचं नाव, त्याचा गट नंबर, ते नाव का पडलं, आणि आता तिथे काय आहे, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. गेलेल्या शेतांपासून सुरुवात करा, कारण त्यांची नावं सांगणारी माणसंही आता थोडी उरली आहेत. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत इथल्या वाचनालयात द्या. ज्यांची शेतं अजून आहेत त्यांनी तलाठ्याकडे अर्ज करून तो रकाना भरून घेण्याचा आग्रह धरावा.